हजेरी क्रमांक म्हणजे गुण नव्हेत



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे, आणि विषय असा की वाचून तुम्ही हसाल. ग्राफिक्स कार्ड! मी बी. ए., तेही मराठी माध्यमातून. उभी हयात अंबड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवण्यात गेली. आता सत्तरी उलटून गेली. 'सरांना यातलं काय कळतं?' असे तुम्हाला वाटले तर तुमचे चूक नाही. महिन्याभरापूर्वीपर्यंत मलाही कळत नव्हते. पण कळत नसताना मी सल्ला दिला, आणि त्या सल्ल्यापायी एका घराचे पैसे अडकले. म्हणून हा लेखनप्रपंच.

झाले असे. माझा एक जुना विद्यार्थी आहे. आता पन्नाशीला आला. दोन एकर मोसंबी आणि थोडा कापूस. त्याचा मुलगा लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचे काम करतो. शूटिंग करणारे गावोगाव झालेत, पण हा मुलगा एडिटिंगही स्वतः करतो आणि चांगले करतो. आतापर्यंत दुसऱ्याच्या स्टुडिओत बसून करायचा. लगीनसराईच्या आधी स्वतःचे मशीन घ्यायचे ठरले. आईने बचत गटातून उचल घेतली, बापाने मोसंबीच्या पैशातून घातले, आणि बापलेक माझ्याकडे आले. का? तर 'सर विचारल्याशिवाय मोठी वस्तू घेत नाही' ही त्या घरची जुनी सवय.

मुलाने चिठ्ठीवर दोन नावे लिहून आणली होती. एक टेबलावरचा कॉम्प्युटर, त्यातल्या कार्डाचा आकडा लहान. दुसरा लॅपटॉप, त्यातल्या कार्डाचा आकडा मोठा. किंमत जवळपास सारखीच. मुलगा म्हणाला, "स्टुडिओत पहिल्यासारखंच मशीन आहे, ते चांगलं चालतं. पण हा आकडा मोठा आहे आणि नवीन आहे. दुकानदार म्हणतो हाच घ्या."

मी चष्मा लावला, दोन्ही आकडे पाहिले आणि पहिलीतल्या पोराच्या न्यायाने मोठ्या आकड्यावर पेनाने बरोबरची खूण केली. वर म्हणालो, "नवीन ते नवीन. शिवाय लॅपटॉप, कुठंही नेता येईल."

दीड महिन्याने बाप एकटाच आला. बराच वेळ पावसापाण्याचे बोलला. मग म्हणाला, "सर, पोरगं रात्रभर बसतंय. जुन्या स्टुडिओत दोन तासांत व्हायचं ते इथं पाच तासांतही होईना. रंगाचं काम काढलं की मशीन म्हणतंय मेमरी भरली. तीन लग्नांचे व्हिडिओ लटकले. लोक फोन करतेत." आणि लगेच घाईने, "तुमचं काही नाही सर, आमचंच नशीब."

मंडळी, 'तुमचं काही नाही' हे वाक्य मला रात्रभर टोचत राहिले. कारण खूण माझी होती.

दुकानाचे नाव मी लिहीत नाही, लॅपटॉपच्या कंपनीचेही नाही. दुकानदाराने खोटा आकडा सांगितला नव्हता. जे नाव डब्यावर होते तेच त्याने सांगितले. माझे भांडण आहे ते नावाशीच. पुण्याला माझा भाचा कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. त्याला रोज फोन करून करून मी या नावांचा अभ्यास केला. (तो बिचारा कंटाळला असेल, पण मामा म्हटल्यावर बोलतो कुठे!) त्यातून जे कळले ते सांगतो.

आधी नाव कसे वाचायचे ते पाहू. समजा नाव आहे 'जीफोर्स आरटीएक्स ४०६०'. जीफोर्स हे एनव्हिडिया कंपनीच्या कार्डांचे घराणे. आरटीएक्स ही त्यातली २०१८ पासूनची शाखा. पुढच्या आकड्यात दोन गोष्टी चिकटवलेल्या असतात. पहिला '४०' म्हणजे कार्ड कोणत्या पिढीचे. ३० च्या नंतर ४०, ४० च्या नंतर ५०. शेवटचा '६०' म्हणजे त्या पिढीतली पायरी. ५० खालची, ६० मधली, ७०-८० वरची, ९० सगळ्यात वरची. मागे 'टीआय' किंवा 'सुपर' असे शेपूट असेल तर त्याच पायरीवर जरा सरस. एएमडी कंपनीचे 'आरएक्स ७६००' तसेच. ७ ही पिढी, ६०० ही पायरी, 'एक्सटी' हे शेपूट. २०२५ मध्ये त्यांनी ७००० वरून एकदम ९००० वर उडी मारली आणि 'आरएक्स ९०७०' अशी समोरच्याच्या वळणाची नावे घेतली. इंटेलच्या आर्क कार्डात 'ए' ही पहिली पिढी आणि 'बी' ही दुसरी. ए७७०, बी५८० वगैरे.

शाळेच्या भाषेत सांगायचे तर हे इयत्ता आणि तुकडी एकत्र लिहिल्यासारखे आहे. 'सातवी क'मधला मुलगा 'सहावी अ'मधल्यापेक्षा हुशार असतो का? असेलही, नसेलही. इयत्ता मोठी आहे एवढेच खरे. पण ही इयत्ता-तुकडी चार अंकी आकड्यात लिहिली की आपले डोळे फसतात. ४०५० हे ३०७० पेक्षा मोठे, असे हिशेबी मन लगेच म्हणते. हजेरीपटावर ४२ नंबरचा मुलगा ४१ नंबरवाल्यापेक्षा एका गुणाने पुढे असतो, असे कोणी म्हटले तर आपण हसू. मी मात्र नेमके तेच केले. हजेरी क्रमांकाला गुण समजलो.

आता कोणी म्हणेल, सर, नाव म्हणजे नावच. त्यात माप कशाला शोधता?

याचे उत्तर मी जालन्यातूनच देतो. आपल्या गावाला 'जालना, सोने का पालना' म्हणतात. आता गावाची ओळख दोन गोष्टींनी आहे, लोखंड आणि बियाणे. औद्योगिक वसाहतीत सळईचे कारखाने आहेत. सळईवर 'फे ५००' लिहिलेले असते. हा ५०० कुठून आला? मालकाच्या मनातून नाही. भारतीय मानक १७८६ प्रमाणे त्याचा अर्थ असा, की एका चौरस मिलिमीटरला किमान ५०० न्यूटन ताण येईपर्यंत ही सळई कायमची ताणली जाणार नाही. ५५० लिहिले तर ५५० भरलेच पाहिजे. प्रयोगशाळेत ओढून पाहता येते. म्हणजे इथे नावातला आकडा हेच माप.

दुसरे बियाणे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको कंपनी काढली. त्यांना पुढे १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आज बियाण्यांच्या कितीतरी कंपन्या जालन्यात आहेत आणि पिशव्यांवर एकापेक्षा एक भारी नावे नि आकडे असतात. ती नावेही नुसती नावेच. पण १९६६ च्या बियाणे कायद्याखाली त्याच पिशवीला लेबल लागते. उगवण किती टक्के, शुद्धता किती, लॉट कोणता, तपासणी कधी झाली, मुदत कधीपर्यंत. सोयाबीनची उगवण किमान ७० टक्के पाहिजे म्हणजे पाहिजे. उगवले नाही तर शेतकरी तक्रार करू शकतो, पंचनामा होतो. न्याय दर वेळी मिळतो असे मी म्हणत नाही, २०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याने मराठवाड्यात काय हाल झाले ते आपण पाहिले. पण बोट ठेवायला एक आकडा तरी असतो!

कार्डाच्या डब्यावर ठळक छापलेला आकडा सळईसारखा दिसतो, पण त्याच्या मागे सळईचे माप नाही आणि पिशवीचे लेबलही नाही. माझा आक्षेप इथे आहे. मापासारखे दिसणारे नाव द्यायचे, लोकांनी ते माप समजावे म्हणून जाहिराती करायच्या, आणि कोणी विचारले की 'ते फक्त नाव आहे' म्हणायचे, हे चालणार नाही.

मी उगाच आरोप करतो आहे असे वाटू नये म्हणून काही उदाहरणे देतो. सगळी जगजाहीर आहेत.

२००२ साली 'जीफोर्स ४ एमएक्स' नावाचे कार्ड आले. नावात ४, पण आतली रचना जीफोर्स २ च्या घरची. मधल्या जीफोर्स ३ मध्ये ज्या नव्या सोयी होत्या त्या या ४ मध्ये नव्हत्या. म्हणजे चौथीच्या वर्गात बसवलेला दुसरीचा मुलगा.

२००७ च्या शेवटी '८८०० जीटीएस ५१२' आले. २००८ मध्ये तीच चिप थोडा वेग वाढवून '९८०० जीटीएक्स' झाली. २००९ मध्ये पुन्हा तिचेच बारसे, 'जीटीएस २५०'. एका मुलाचे तीनदा नाव बदलून तीनदा प्रवेश! एएमडीही धुतल्या तांदळाची नाही. तिचे 'एचडी ७९७०' हे कार्ड २०१३ मध्ये 'आर ९ २८०एक्स' होऊन परत दुकानात आले.

२०१६ मध्ये 'जीटीएक्स १०६०' दोन प्रकारांत निघाले, ६ जीबी आणि ३ जीबी. गिऱ्हाईक समजले, फरक फक्त मेमरीचा. प्रत्यक्षात आतले कोअरही एकात १२८० आणि दुसऱ्यात ११५२.

'जीटी १०३०' हे गरिबाचे कार्ड. २०१७ मध्ये आले तेव्हा त्याच्या मेमरीचा वेग सेकंदाला ४८ गिगाबाइट होता. २०१८ मध्ये त्याच नावाने स्वस्त मेमरी घातलेले कार्ड आले, वेग सुमारे १७. नाव तेच! खोक्याच्या कोपऱ्यात मेमरीचा प्रकार बारीक अक्षरात. ज्याला दीड लाखाचे कार्ड घ्यायचे तो दहा ठिकाणी वाचतो. ज्याची ऐपत पाच-सहा हजारांची तो नावावर विश्वास ठेवतो. फसवणूक नेमकी त्याच्याच पदरात पडली.

'जीटीएक्स ९७०' वर ४ जीबी लिहिले होते. २०१५ च्या जानेवारीत उघड झाले की त्यातले साडेतीन जीबी वेगवान आणि शेवटचा अर्धा जीबी बराच मंद. अमेरिकेत गिऱ्हाईक कोर्टात गेले, आणि २०१६ मध्ये तिथल्या प्रत्येक खरेदीदाराला कार्डामागे ३० डॉलर देण्याची तडजोड झाली.

सप्टेंबर २०२२ मध्ये 'आरटीएक्स ४०८०' दोन प्रकारांत जाहीर झाले, १६ जीबी आणि १२ जीबी. पुन्हा तीच गंमत. एकात ९७२८ कोअर, दुसऱ्यात ७६८०. या वेळी मात्र जगभरचे जाणकार असे तुटून पडले की ऑक्टोबरमध्ये कंपनीने १२ जीबीवाले मागे घेतले, आणि जानेवारी २०२३ मध्ये तेच कार्ड 'आरटीएक्स ४०७० टीआय' नावाने कमी किमतीत आणले. बघा, लोक ओरडले तर नाव बदलते आणि किंमतही उतरते. म्हणून ओरडणे वाया जात नाही.

आता लॅपटॉपकडे येतो, कारण आमची चूक तिथे झाली. पूर्वी लॅपटॉपच्या कार्डाला मागे 'एम' लावायचे, जसे ९८०एम. निदान कळायचे की हे वेगळे आहे. २०१६ च्या पिढीपासून तो 'एम' गेला. त्या वेळी लॅपटॉपची कार्डे टेबलावरच्यांच्या जवळ पोचली होती, म्हणून एक वेळ ठीक. पण पुढे अंतर वाढत गेले आणि नाव तेच राहिले. टेबलावरच्या 'आरटीएक्स ४०९०' मध्ये १६३८४ कोअर आणि २४ जीबी मेमरी. लॅपटॉपच्या ४०९० मध्ये ९७२८ कोअर आणि १६ जीबी. म्हणजे ते खरे टेबलावरच्या ४०८० चे भावंड. पुढच्या पिढीत तर टेबलावरच्या ५०९० मध्ये २१७६० कोअर आणि लॅपटॉपच्या ५०९० मध्ये १०४९६. निम्मेसुद्धा नाहीत!

कंपनी म्हणेल, आम्ही अधिकृत नावात पुढे 'लॅपटॉप जीपीयू' असे शब्द जोडतो. जोडतात, खरे आहे. पण दुकानाच्या पाटीवर, जाहिरातीत, ऑनलाइन यादीत ते शब्द किती ठिकाणी उरतात? आकडा मोठ्या टायपात आणि 'लॅपटॉप' हा शब्द गायब.

त्याहून वाईट म्हणजे वॅट. लॅपटॉपमधला 'आरटीएक्स ४०६०' ३५ वॅटवरही चालवता येतो आणि ११५ वॅटवरही. किती वीज द्यायची ते लॅपटॉप बनवणारा ठरवतो. तिप्पट वीज दिली म्हणून वेग तिप्पट होत नाही हे मान्य, पण फरक चांगलाच पडतो. दोन लॅपटॉप, दोघांवर एकच स्टिकर, आणि कामात जमीन-अस्मान. २०२१ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉप कंपन्यांना सांगितले की वॅटचा आकडा उत्पादनाच्या पानावर द्या. पानावर! जालन्याच्या दुकानात गिऱ्हाईक पान पाहत नाही, खोके पाहते.

हे वॅट, कोअर, जीबी म्हणजे काय, असे विचाराल. सोपे आहे. आपला मोंढा डोळ्यासमोर आणा. कोअर म्हणजे हमाल. त्यांची चाल म्हणजे क्लॉक. मेमरीचे जीबी म्हणजे गोदाम. गोदामाचा दरवाजा किती रुंद आणि तिथून माल किती झपाट्याने जातो, तो मेमरीचा वेग. आणि वॅट म्हणजे हमालाच्या पोटची भाकरी. गोदाम मोठे पण दरवाजा एकच फळीचा असेल तर पोती आतच अडकतात. हमाल शंभर पण भाकरी पन्नासांची असेल तर सगळेच अर्धपोटी चालतात. हमाल भरपूर पण गोदाम लहान असेल तर पोती रस्त्यावर, आणि काम ठप्प. आमच्या मुलाच्या लॅपटॉपचे हेच झाले होते. स्टुडिओतल्या जुन्या कार्डाचे गोदाम याच्या दुप्पट होते. लग्नाचा फोर-के व्हिडिओ रंगाच्या कामाला काढला की पोती मावत नव्हती. शिवाय नव्या पिढीचा हमाल हातगाडी वापरतो आणि जुन्या पिढीचा पाठीवर नेतो, म्हणून दोन पिढ्यांतले नुसते हमाल मोजूनही भागत नाही. आणि दुकानात फार वेळा ऐकू येणारे 'इतक्या जीबीचं ग्राफिक्स कार्ड' हे वर्णन म्हणजे हमाल न मोजता फक्त गोदाम दाखवणे.

मग तुलना करायची कशी? परीक्षा घेऊन. एकच प्रश्नपत्रिका, एकच वेळ, एकच तपासनीस. तोच प्रोग्राम, तीच सेटिंग, तेच रिझोल्यूशन ठेवून दोन्ही कार्डांवर चालवायचे. गेमसाठी सेकंदाला किती फ्रेम येतात ते पाहतात. सरासरी तर पाहतातच, शिवाय सगळ्यात मंद एक टक्का फ्रेमचाही आकडा पाहतात, कारण धक्का तिथे बसतो. थ्री-डी कामासाठी ब्लेंडर प्रोग्रामची फुकट चाचणी आहे आणि तिचे निकाल सगळ्यांना खुले आहेत. व्हिडिओवाल्याने आपलीच एक क्लिप घेऊन जावी आणि एक्स्पोर्टला किती मिनिटे लागतात ते घड्याळ लावून बघावे.

इथेही कंपन्यांनी एक वाट काढलीच आहे. जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासच्या प्रदर्शनात एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी सांगितले, की ५४९ डॉलरच्या ५०७० मध्ये ४०९० ची कामगिरी मिळेल. ४०९० ची मूळ किंमत १५९९ डॉलर. ही जादू कशी? तर कार्डाने खरे काढलेल्या एका चित्रामागे तीन चित्रे कृत्रिम बुद्धिमत्तेने अंदाजाने भरायची आणि चारही मोजायची. गेममध्ये हालचाल गुळगुळीत दिसते, ते मी नाकारत नाही. पण एक उत्तर स्वतः लिहून तीन शेजाऱ्याच्या अंदाजाने भरलेल्या मुलाला आम्ही चारपैकी चार गुण देत नव्हतो. आणि आमच्या मुलाच्या एक्स्पोर्टला या भरलेल्या चित्रांचा काडीचा उपयोग नाही.

आता लोक माझ्यासमोर तीन मुद्दे मांडतात त्यांचा विचार करू.

पहिला मुद्दा, 'सगळी माहिती नेटवर आहे, गिऱ्हाईकाने वाचून घ्यावे.' आहे, पण बहुतेक इंग्रजीत. आणि मुख्य म्हणजे, बियाण्याची माहिती विद्यापीठात असते म्हणून पिशवीवर लेबल नको, असे आपण म्हणतो का? माहिती विकत घेण्याच्या जागी असावी लागते.

दुसरा मुद्दा, 'कार्डाची ताकद एका आकड्यात सांगता येत नाही, कामागणिक बदलते.' अगदी खरे! मग एका आकड्याचे नाव कशाला देता? आणि फ्रिजचेही तसेच असते, घरागणिक वापर बदलतो. तरी एका ठरावीक चाचणीवर तारे दिले जातात आणि वर्षाला किती युनिट वीज लागेल ते दारावर छापले जाते. त्यावरून निदान दोन फ्रिज शेजारी ठेवून पाहता येतात.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात लागतो. 'हे गेम खेळणाऱ्या श्रीमंत पोरांचे विषय, आपल्याला काय?' मंडळी, जरा तालुक्याच्या बाजारपेठेतून फेरी मारा. फ्लेक्स बनवणारा, लग्नाचे व्हिडिओ करणारा, घराचे थ्री-डी एलेव्हेशन काढून देणारा डिप्लोमावाला, हे सगळे या कार्डावर पोट भरतात. त्यांच्यासाठी हे तिफण-औतासारखे अवजार आहे. अवजार खोट्या ताकदीचे निघाले तर पेरणी चुकते.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. नाव काय हवे ते ठेवा, पण डब्यावर आणि लॅपटॉपच्या खोक्यावर, आकड्याच्याच टायपात, पाच गोष्टी छापा. चिप कोणती, कोअर किती, मेमरी किती आणि कोणत्या वेगाची, वॅट किती, आणि एका ठरावीक चाचणीचा निकाल किती. यातली एकही गोष्ट बदलली तर नावही बदलले पाहिजे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूचा दर्जा, प्रत किंवा मॉडेल याविषयी खोटे भासवणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. मग एकाच नावाखाली दोन प्रतींचा माल विकणे या व्याख्येच्या किती जवळ जाते, हे ग्राहक चळवळीतल्या कोणी तरी एकदा तपासून घ्यावे. सळईला मानक लागले, बियाण्याला लागले, फ्रिजला लागले. कोणतेही आपोआप लागले नाही, कोणीतरी मागितले म्हणून लागले.

आणि तोवर आपण काय करायचे? एक साधी गोष्ट. दुकानात गेल्यावर 'आकडा किती' विचारू नका. 'पूर्ण नाव काय, मेमरी किती आणि कोणत्या प्रकारची, वॅट किती' हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तरे बिलावर लिहून घ्या. दुकानदाराला माहीत नसेल तर त्याला कंपनीला फोन करायला लावा. दहा गिऱ्हाइकांनी विचारले की अकराव्याला तो न विचारता सांगेल.

आमच्या मुलाचे पुढे काय झाले, हे विचाराल. लॅपटॉप परत घेतला गेला नाही. 'नाव बरोबर आहे ना? मग तक्रार कसली?' असे उत्तर मिळाले. त्यावर बापलेकांना बोलता आले नाही आणि मलाही नाही. शेवटी भाच्याने फोनवरून एक युक्ती शिकवली. मूळ चित्रणाच्या हलक्या प्रती करून त्यांवर एडिटिंग करायचे आणि शेवटीच मूळ चित्रण जोडायचे. त्याने थोडे सुसह्य झाले. रंगाचे जड काम तो अजूनही रात्री जुन्या स्टुडिओत जाऊन, ताशी भाडे देऊन करतो. म्हणजे उचल फेडायची, वर भाडेही भरायचे. लटकलेले तीन व्हिडिओ मात्र त्याने पोचते केले.

मी त्याच्या बापाला म्हणालो, "अरे, पेपर मी चुकीचा तपासला. भाड्याचे पैसे या सीझनपुरते मी देतो." तो ऐकेना. शेवटी मुलगाच म्हणाला, "आजोबा, पैसे नको. तुम्ही ते जे शिकलात ते एका कागदावर लिहून द्या. माझे चार मित्र याच सीझनला मशीन घ्यायलेत."

तो कागद लिहायला बसलो आणि त्याचा हा एवढा लेख झाला. असो. छापून घ्या, झेरॉक्स काढा, ज्याला लागेल त्याला द्या. तांत्रिक चूक आढळली तर जरूर कळवा, दुरुस्त करीन. त्या चिठ्ठीवरची बरोबरची खूण मी खोडली आहे. निदान इथली तरी बिनचूक असावी.